सूर्याची गोळी, चंद्राची गोळी

आजारी माणसाला दवाखान्यात नेऊन आणलं की पिशवीत औषधं येतात आणि डोक्यात किस्से. औषधं कधीतरी संपतात. किस्से संपत नाहीत. ज्याला सांगावा तो त्याच्या घरातला एक सांगतो, आणि घरी येईपर्यंत आपल्याकडे एकाचे दोन झालेले असतात. गेल्या हिवाळ्यात माझ्या ताईला दिवस गेले आणि उलट्या लागल्या. तेव्हापासून रस्त्यात कोणी "ताई कशी हाय?" असं विचारलं की मी टेम्पो बंदच करतो. त्याला वाटतं दोन शब्दांत उत्तर मिळेल.

आधी घर सांगतो. इस्लामपूरपासून जवळ, नदीकाठाला आमचं गाव. घरात अण्णा आणि मी. आई श्रावणात गेली. सकाळी धुणं वाळत घातलं आणि दुपारी नव्हती. त्यावर मला जास्त बोलता येत नाही, म्हणून पुढं जातो. मी आठवीतून शाळा सोडली. छोटा टेम्पो चालवतो, गुऱ्हाळावरून गुळाच्या ढेपा भरून सांगलीच्या बाजारात टाकतो. ताई दिलीय आटपाडीकडं. दाजी मिलिटरीत, दसऱ्याला सुट्टी संपवून गेलेले, तेव्हा पार वर बर्फात होते.

ताई भाऊबीजेला आली. दुखवट्याचं साल, ओवाळणं वगैरे काही करायचं नव्हतं. पण ती म्हणाली, दोघंच घरात बसला असाल, मी येते. आटपाडीत एसटीत बसली तेव्हापासून तिला उलट्या. कंडक्टरनं आधी खिडकी दिली, मग पुढची सीट दिली, आणि शेवटी स्वतःचीच जागा देऊन तो मागं जाऊन उभा राहिला. आम्हाला वाटलं, गाडी लागली. दुसऱ्या दिवशी वाटलं, पित्त. तिसऱ्या दिवशी शेजारच्या शालनकाकू भिंतीवरून डोकावल्या आणि अण्णांना आणि मला म्हणाल्या, "तीन दिवस एसटीच लागतीया व्हय रं तिला? दिवस गेल्यात तिला. आता सांगायला घरात बाईमाणूस न्हाई, मग मीच सांगते."

अण्णा लगेच आत गेले. देवापुढं गेले असतील असं मला वाटलं. ते आईच्या फोटोपुढं उभे होते.

*

इस्लामपुरात मॅडमच्या दवाखान्यात नेलं. वजन केलं तर लग्नात बावन्न किलो असलेली ताई पंचेचाळीस भरली. मॅडम म्हणाल्या, सकाळी थोडं मळमळणं बहुतेकींना होतं, पण हे ते नाही. हिच्या पोटात पाणीसुद्धा टिकत नाही. हे असंच राहिलं तर सांगलीला मोठ्या दवाखान्यात ठेवावं लागेल, आणि आई अशी सुकत गेली तर बाळालाही जपणं अवघड होईल. त्या वाक्यानंतर आमच्या घरात एकच काम उरलं. ताईच्या पोटात जे जाईल ते आत राहिलं पाहिजे.

पण त्याआधीचं सांगायचं राहिलं. मॅडम बोलक्या. ताई टॉवेल तोंडाला लावून बसलेली, म्हणून त्या अण्णांशी बोलत होत्या. गाव कुठलं, ऊस किती, पाणी नदीचं का विहिरीचं. अण्णा खुलले. नदीवरून लिफ्टनं वर आणलेलं पाणी, प्रत्येक रानाला संस्थेची पाळी असते, असं सगळं सांगायला लागले. तेवढ्यात मॅडमनी कागद ओढला आणि मान खाली घालून विचारलं, "शेवटची पाळी कधी आली?"

अण्णा म्हणाले, "गणपतीत."

मॅडमनी लिहून घेतलं. "त्याच्यानंतर?"

"त्याच्यानंतर कुठली, मॅडम. ट्रान्सफॉर्मर जळलाय."

मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी अण्णांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. नर्स पडद्याआड गेली आणि तिचा फक्त हुंदका ऐकू आला, तो हसण्याचा होता. ताईनं तोंडावरचा टॉवेल खाली घेतला आणि म्हणाली, "लिवा मॅडम. तारीख बरोबरच हाय."

*

पाण्याचीच भाषा पुढं आमच्या कामाला आली. मॅडमनी मला बजावलं होतं, रोज सकाळ-संध्याकाळ ताईला विचारायचं, लघवी किती वेळा झाली, रंग कसा होता. कमी झाली की लगेच सलाईनला आणायचं. आता धाकट्या भावानं मोठ्या बहिणीला हे कसं विचारावं? पहिले दोन दिवस मी दारात उभा राहून खाकरायचो आणि परत जायचो. ताईला वाटलं मलाच काहीतरी झालंय.

तिसऱ्या दिवशी मी बाहेरूनच ओरडून विचारलं, "पाटाला पाणी सुटलं का?"

आत बाज करकरली. मग ताईचा आवाज आला, "सकाळी एक डाव सुटलं. गढूळ हाय."

त्या दिवसापासून तसंच चाललं. "पाट कोरडा" म्हणाली की मी टेम्पो न काढता बशीरभाईंची स्कूटर मागून आणायचो, कारण टेम्पोच्या गुळाच्या वासानं ती दवाखान्यापर्यंत पोचली नसती. एकदा ती सलाईनला झोपली होती, मी बाहेर बाकावर होतो आणि अण्णांचा फोन आला. मी त्यांना सांगितलं, दोन बाटल्या गेल्या, आता पाट भरून वाहतोय. शेजारी बसलेला माणूस सरकून जवळ आला आणि म्हणाला, "कुठल्या संस्थेचं पाणी सुटलंय ओ? आमच्याकडं थेंब न्हाई."

*

बशीरभाई म्हणजे चौकातले मेडिकलवाले. मला मराठी वाचता येतं, पण गोळ्यांच्या पाकिटावर सगळं इंग्रजी. गोळ्या दोन प्रकारच्या होत्या. एक जिभेवर ठेवायची, तिथंच विरघळते, गिळायला पाणी लागत नाही. दुसरी अख्खी गिळायची, फोडायची नाही, रात्री झोपताना दोन. बशीरभाईंनी विचार केला आणि कागदी पाकिटांवर पेननं चित्रं काढून दिली. जिभेवरच्या गोळीला सूर्य. गिळायच्या गोळीला चंद्र.

सूर्याच्या गोळीवर अण्णांचा विश्वास बसेना. ताईनं ती जिभेवर ठेवली आणि तोंड मिटलं. अण्णांनी तिला तोंड उघडायला लावलं, आत बॅटरी मारली आणि म्हणाले, "गेली कुठं? घशात तर गेलेली दिसली न्हाई." पोटात न जाता पोटाचं काम करणारी गोळी त्यांनी आयुष्यात बघितली नव्हती. मीही नव्हती. मला तर वाटायचं, आत जाऊन ती नक्की कुणाला सांगते की बाबा, आता उलटी करू नको? मॅडमना विचारलं, तर म्हणाल्या, मेंदूला सांगते. म्हणजे उलटी पोटात नसते, डोक्यात असते. हे ऐकल्यावर मी दोन दिवस तेच घोळवत होतो.

मी पहाटे गुऱ्हाळावर जायचो, रात्री लवकर झोपायचो, म्हणून चंद्राची गोळी अण्णांकडं. पंधरा-वीस दिवस झाले तरी गुण येईना. सकाळभर उलट्या आणि दिवसभर ताई झोपेत, बोललं तरी डोळे उघडत नव्हती. मी वैतागून बशीरभाईंना म्हणालो, तुमची गोळी खोटी आहे. ते म्हणाले, गोळी देतं कोण आणि कधी?

तेवढ्यात अण्णाच दुकानात आले. त्यांना बशीरभाईंना एक शंका विचारायची होती. "भाई, आज आमुशा. आज चंद्र उगवायचाच न्हाई. मग आज गोळीला सुट्टी का कसं?"

अण्णा शेतकरी माणूस. चंद्र रोज कधी उगवतो ते त्यांना घड्याळापेक्षा पक्कं माहीत. तो दिसला की ते उठून गोळी द्यायचे. पौर्णिमेला दिवेलागणीला दिलेली गोळी रोज पाऊण-एक तास पुढं सरकत सरकत पहाटेवर गेली होती.

बशीरभाईंनी पाकीट मागून घेतलं, चंद्रावर काट मारली आणि शेजारी आडवा झोपलेला, अंगावर चादर ओढलेला माणूस काढला. अण्णांनी ते चित्र बराच वेळ बघितलं. मग पाकीट परत पुढं केलं आणि म्हणाले, "हे नको, भाई. चंद्रच काढा. मी येळ ध्यानात ठेवतो."

*

आईच्या वेळी ज्यांना येता आलं नव्हतं, ती माणसं दिवाळीनंतर भेटायला येत होती. एक दिवस कराडची मावशी आली. उंबऱ्यातच तिनं हंबरडा फोडला आणि ताईला मिठी मारली. मावशी डोक्याला कसलंसं वासाचं तेल चोपडते. ताईचं नाक तिच्या केसांत गेलं आणि सकाळपासून पोटात धरून ठेवलेला शहाळ्याचा घोट मावशीच्या पाठीवरून खाली आला.

मावशीला वाटलं, पोरीच्या काळजाला बसलंय. ती आणखी मोठ्यानं रडायला लागली आणि तिनं मिठी आणखी आवळली. ताई गुदमरून म्हणत होती, "मावशी, तेल... तुझं तेल..."

मावशीनं डोळे पुसले, पिशवीतून तेलाची बाटली काढली आणि ताईच्या हातात दिली. "ठेव बाई तुला. लाजायचं काय त्यात."

मी हसलो. आई गेल्यावर पहिल्यांदा. मग मी गोठ्यात जाऊन म्हशीला उगाच पाणी दाखवलं.

*

त्या दिवसांत ताईचं नाक इतकं तिखट झालं होतं की पोलिसांनी कामावर ठेवावं. मी गावाच्या वेशीपाशी आलो की तिला गूळ कळायचा. मी टेम्पो बाहेर लावून, मागच्या नळावर अंघोळ करून, शर्ट बदलूनच घरात यायचो. शालनकाकूंनी साबण बदलला तेव्हा भिंतीपलीकडून हिनं ओळखला. फोडणी बंद, हळद बंद, लसूण तर नावानंसुद्धा नाही. आम्ही दोघं बापलेक मीठ-भातावर जगत होतो. टिकायचं काय, तर कोरडी भाजलेली ज्वारीची लाही, थंड पेज, आणि मागायची, का कोण जाणे, कच्ची कैरी. हिवाळ्यात कैरी कुठून आणायची?

अण्णांनी आईच्या दहाव्याला, नदीवर, तंबाखू सोडली होती. आई जन्मभर त्यासाठी भांडली, निदान आता तरी, असं म्हणून सगळ्यांसमोर पुडी पाण्यात सोडली. आम्ही सगळे रडलो होतो. तर एक दिवस अण्णा रानातून आले, अंगणात जरा टेकले. ताई आतल्या खोलीत, मध्ये दोन भिंती. तिथून तिचा आवाज आला, "अण्णा, थुकून या. आन् फेट्यात ठेवलीया तीबी टाका."

अण्णांनी फेटा काढला. पुडी होती.

ते माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "आईवर गेलीया. तिलाबी असंच कळायचं."

*

दाजींचा किस्सा छोटा आहे. त्यांना तिकडं नेटवर्क कधीतरी मिळायचं. एकदा व्हिडिओ कॉल लागला तेव्हा ताई अर्धी इडली घेऊन बसली होती. दाजी म्हणाले, मला दाखवून खा. ताईनं एक घास खाल्ला, थांबली. दुसरा खाल्ला. अर्धी इडली पूर्ण गेली आणि पाच मिनिटं आत राहिली. आम्हाला माहीत नव्हतं की दाजींच्या मागं अख्खी बराक उभी राहून बघत होती. सगळ्यांनी एकदम टाळ्या वाजवल्या आणि कोणीतरी "शाब्बास भाभीजी" म्हणून ओरडलं.

ताई दचकली. इडली परत आली.

दाजी नंतर मला म्हणाले, आमच्या पलटणीनं एवढी वाईट माघार कधी बघितली नव्हती.

*

एक गोष्ट मला फार जाणून घ्यायची होती. माझ्या वेळी आईला असं झालं होतं का? ताईलाही तेच हवं होतं, कारण मॅडमनी विचारलं होतं, आईला असा त्रास होता का. सांगणार कोण? मी अण्णांना विचारलं. अण्णांनी खूप आठवलं. माझा जन्म झाला त्या साली त्यांनी खिलारी बैलांची जोडी घेतली होती. डावा बैल कुठल्या बाजारातला, उजव्याच्या कपाळावर भोवरा कुठं होता, त्याला पोटफुगी झाली तेव्हा काय पाजलं, सगळं सांगितलं.

"आन् आईला?" मी विचारलं.

अण्णांनी फेटा काढून मांडीवर घेतला. मग म्हणाले, "तिनं कवा सांगितलंच न्हाई रं. आन् मीबी इचारलं न्हाई."

मॅडमच्या कागदावर त्या जागी अजून आडवी रेघ आहे.

*

आता माझ्या मूर्खपणाचा सांगतो. चंद्राची गोळी वेळेवर सुरू झाली, सूर्याचीही चालू होती, पाकिटं रिकामी होत होती, आणि ताईचं वजन मात्र आणखी एक किलो उतरलं. मॅडम म्हणाल्या, आठ दिवस बघू, नाहीतर सांगली. मी हैराण. एक दिवस शर्टाचं बटण लावायला आईच्या शिलाई मशीनचा खण उघडला, तर रिळांच्या मध्ये गोळ्या. काही अख्ख्या, काही अर्ध्या विरघळलेल्या.

ताईच्या सासूबाईंचा फोन आला होता. त्या म्हणाल्या होत्या, आमच्या वेळी कुठं होत्या गोळ्या, असल्यानं पोरगं वाकडं निपजतं. त्या वाईट नाहीत, भ्यायल्या होत्या. ताईही भ्यायली. मी तिथल्या तिथं मॅडमना फोन लावून ताईच्या कानाला दिला. मॅडमनी तिला शांतपणे समजावलं, की या गोळ्या याच दिवसांत देतात, विचार करूनच दिल्या आहेत, आणि तुझ्या पोटात पाणी न टिकणं हाच बाळाला जास्त धोका आहे. ताई "व्हय, व्हय" म्हणाली. फोन ठेवला आणि म्हणाली, "तरीबी भ्या वाटतंय."

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, बघ मग, आणि चंद्राच्या दोन गोळ्या तोंडात टाकून गिळल्या. भर दुपारी. बाहेर टेम्पोत ढेपा भरलेल्या.

पुढचं मला माहीत नाही, कारण मी किल्ली हातात धरून बाजेवर आडवा झालो तो दुसऱ्या दिवशी कोंबड्याला उठलो. ताई उशाशी बसली होती. माझ्या नाकाखाली बोट धरून श्वास बघत बसली होती म्हणे. उठल्यावर तिनं मला हातपाय हलवून दाखवायला लावले, अंगणात सरळ चालून दाखवायला लावलं. मी चाललो. वाकडा झालो नव्हतो. ताईनं सूर्याचं पाकीट उचललं आणि गोळी जिभेवर ठेवली. या वेळी खरोखर ठेवली. मॅडमना कळल्यावर त्यांनी मला जे झापलं ते सांगत नाही. दुसऱ्याचं औषध मी आता हातात धरायलाही भितो.

पण खरा घोटाळा सांगलीत झाला. गूळ आला नाही म्हणून बाजारातून फोनवर फोन येत होते. शेवटी अण्णांनी उचलला. पलीकडून विचारलं, दिप्या कुठं आहे? अण्णांनी खरं ते सांगितलं. झोपलाय, औषध घेतलंय. कसलं औषध? अण्णा म्हणाले, "उलट्यांचं. गरोदरपणात देत्यात ते."

दुसऱ्या दिवशी मी टेम्पो लावला आणि ढेपेला हात घातला. एक म्हातारे हमाल पुढं आले, माझा हात धरला आणि गंभीरपणे म्हणाले, "ऱ्हाऊ दे गड्या. ह्या दिवसांत जड उचलू नये."

*

गोळ्या नीट पोटात जायला लागल्यावर ताईला उतार पडला. सकाळची पेज टिकायला लागली, सलाईन थांबलं. फक्त मधल्या खोलीत गेली की पुन्हा ओकारी. तिथं माझी खाट. ती म्हणायची, इथं काहीतरी आहे. आम्ही उंदीर शोधला, धान्याच्या कणग्या हलवल्या, खोली दोनदा सारवली. शेवटी ताईच तोंडाला पदर लावून वासाचा माग काढत माझ्या उशीपाशी आली आणि तिनं उशी उचलली.

खाली आईची साडी होती. आदल्या दिवशी नेसलेली, त्या सकाळच्या धुण्यात टाकायची राहिलेली. आत्या आईच्या कपड्यांचं गाठोडं बांधायला बसल्या तेव्हा मी ती आधीच काढून ठेवली होती. अण्णांनाही माहीत नव्हतं. तिला चुलीच्या धुराचा, खोबरेलाचा, मिश्रीचा वास होता, आणि त्याच्या खाली आणखी एक होता, त्याला नाव नाही.

ताईनं ओळखली. हात लावायला वाकली आणि तशीच मोरीकडं पळाली.

मी मागं गेलो आणि बोलू नये ते बोललो. "आता आईचीबी वकारी याय लागली व्हय तुला?"

ती मोरीत बसूनच म्हणाली, "मला हौस हाय व्हय रं? तिचा वास घ्यायला तर आले हुते मी हितं."

अण्णा म्हणाले, धुऊन टाक. मी साडी घेऊन नळावर गेलो, बादलीत साबण केला, आणि उभा राहिलो. साबणाचा फेस बसला तरी उभाच होतो. मग साडी शर्टात घालून बशीरभाईंकडं गेलो. त्यांना विचारलं, वास आत राहील, बाहेर येणार नाही असं काही आहे का? त्यांनी विचारलं, कशाचा वास? मी सांगितलं. त्यांच्याकडं कापूस ठेवायची घट्ट झाकणाची प्लास्टिकची मोठी बरणी होती. त्यांनी कापूस काढून ठेवला, बरणी आतून फडक्यानं पुसली आणि माझ्यापुढं सरकवली.

साडी आत घातली, झाकण आवळलं, वरून चिकटपट्टी मारली आणि बरणी माळ्यावर ठेवली. तिसऱ्या दिवशी ताई मधल्या खोलीत बसून अर्धी भाकरी जेवली आणि ती राहिली. बरणी मी कधीच उघडली नाही. उघडली तर वास जाईल.

महाशिवरात्र होऊन गेली. ताईचं पोट दिसायला लागलं, वजन पन्नासावर आलं, ती पहिल्यासारखी भांडायला लागली. मॅडमनी गोळ्या कमी करत आणल्या होत्या. एक दिवस सांगलीत गाडी लवकर रिकामी झाली आणि मी दुपारीच घरी आलो. मधल्या खोलीत ताई भिंतीला टेकून बसली होती. मांडीत बरणी. चिकटपट्टी सोललेली, झाकण बाजूला, आणि तिनं तोंड पार बरणीत घातलेलं.

मी ओरडलो, उलटी होईल म्हणून.

ती डोकं वर काढून म्हणाली, "तेच बघतीया. हुतीया का."

"झाली?"

"न्हाई. कायबी वासच येईना मला." तिनं बरणी माझ्याकडं सरकवली. "तुला येतोय का बघ."

मी खाली बसलो आणि बरणीत तोंड घातलं. बराच वेळ वास शोधला, सापडला नाही.

"येतोय?" ताईनं विचारलं.

"येतोय की. लय येतोय."

"मग मलाच कसं काय हुईना?"

"गोळीचा गुण हाय त्यो," मी म्हणालो, आणि झाकण लावलं.